प्रकरण सतरा : पाचवा रकाना

डुक्कर एकाच घावात गेलं. रुपेलांच्या अंगणात त्या दिवशी सरळ असं काही झालं असेल तर ते एवढंच.

सुरी रॉबर्टनं चालवली. दरवर्षी ती विक्टर चालवायचा, थोरला म्हणून. यंदा त्यानं सुरी हातात घेतली, अंगठ्यावर धार पाहिली आणि न बोलता धाकट्याकडे दिली. का, ते कुणी विचारलं नाही. तीन दिवसांपूर्वी जर्मनीहून चार लिफाफे आले होते. आईच्या, क्लाराच्या आणि रॉबर्टच्या लिफाफ्यात तिकडे येऊन राहायला होकार होता. विक्टरच्या लिफाफ्यात एक ओळ होती: अर्जदार जर्मन वंशाचा असल्याचं सिद्ध होत नाही.

एकाच आईचा थोरला मुलगा रशियन आणि धाकटा जर्मन! ही करामत देवाला जमत नाही, ती कचेरीलाच जमते.

नोव्हेंबरातली सकाळ होती. गुडघाभर बर्फ, आणि दगडांच्या चुलीवर मोठी कढई रटरटत होती. क्लारा फळीवर आतडी उलटी करून मीठ आणि व्हिनेगरनं घासत होती. वय चव्वेचाळीस, लग्न केलं नाही, गावातल्या शाळेत जर्मन शिकवते. काळ्याभोर केसांत आता राखाडी पट्टा आला होता. समोर विक्टरची बायको गाल्या चरबीचे तुकडे करत होती. ती रशियन होती आणि ते लपवण्याची तिला कधी गरज पडली नव्हती.

"मार्चमध्ये निघायचं," रॉबर्ट म्हणाला. मांडीचं हाड सांध्यातून सोडवता सोडवता तो आख्खं कुटुंब हलवायला निघाला होता. "आम्ही तिघं पुढे जातो. तिथे पोचलो की मी विक्टरसाठी वकील बघतो."

"तिथे पोचलास की आधी स्वतःसाठी काम बघ," गाल्या म्हणाली. "तिकडे ट्रॅक्टरवाल्यांची वाट बघत बसलेत ना सगळे, फुलं घेऊन!"

"गाल्या," विक्टर म्हणाला.

"काय गाल्या? खोटं बोलतेय मी? दोनशे वर्षांपूर्वी तिकडे खायला नव्हतं म्हणून इकडे आलात. आता इकडे नाही म्हणून तिकडे. आणि वर माझ्या नवऱ्याचं रक्त तपासणार!"

हे सरळ क्लाराला होतं. रुपेलांचा वंश क्लारा शोधत होती. आत चुलीच्या खोलीत, भिंतभर, वॉलपेपरच्या गुंडाळीच्या पाठीवर तिनं वंशवृक्ष काढला होता. सगळ्यात खाली योहानेस रुपेल, विणकर, हेसनचा. सात वर्षं लढाई चालली, तेव्हा येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक सैन्यानं त्याचं गाव खाल्लं आणि जाताना पेटवलं. मग रशियाच्या राणीची माणसं आली, जमीन देऊ म्हणाली, आणि १७६६ साली योहानेस बायको-पोरांसह व्होल्गाच्या काठावर जाऊन पडला. त्याच्यावर सात पिढ्या. एकेका नावामागे क्लाराचं एकेक वर्ष गेलं होतं. पत्रं, पाद्र्यांच्या वह्या, स्मशानातल्या फरशांवरून कागद घासून घेतलेली नावं. वरच्या टोकाला पाच नावं होती: बाबा कार्ल, आई अमालिया, विक्टर, क्लारा, रॉबर्ट.

"रक्त मी तपासत नाही," क्लारा म्हणाली. "सोळाव्या वर्षी पासपोर्ट करताना पाचव्या, वंशाच्या रकान्यात यानंच 'रशियन' लिहून घेतलं. माझ्या हातचं होतं का ते?"

"लिहून बाबांनी घेतलं," विक्टर म्हणाला.

"सही कुणाची?"

 सही विक्टरचीच होती. बासष्ट साली बाप कार्ल रुपेल त्याला तालुक्याला घेऊन गेला. जन्मदाखला जळाला म्हणून सांगितलं, आणि ते खोटं ठरू नये म्हणून निघण्याआधी तो खरोखरच चुलीत घातला. कारकूनबाईला हॅमची एक तंगडी दिली. बाईनं तंगडी हुंगली, टेबलाखाली सारली आणि पाचव्या रकान्यात जात बदलली. म्हणून विक्टर कॉलेजात गेला आणि खाणीत इंजिनियर झाला. जर्मन रकान्याच्या रॉबर्टला ट्रॅक्टर मिळाला. कार्लला जाऊन आता आठ वर्षं झाली होती.

"मला शाळेत फॅसिस्ट म्हणून दगड मारले," क्लारा म्हणाली. "हे बघ, भुवईवर खूण आहे. मी रकाना बदलला नाही. रुपेलांचं रक्त आहे माझ्यात, ते मी हॅमच्या तंगडीला विकलं नाही!"



विक्टरनं मान खाली घातली. तो भांडणारा माणूस नव्हता. विषय बदलायचा म्हणून तो हसला. "रक्ताचं तू नको सांगूस, बाई. डुक्कर कापायच्या दिवशी तू असायचीस कुठे? आई तुला पहाटेच सेरिकबायच्या घरी धाडायची. मी इथे बादल्या वाहून बोटं गोठवायचो, आणि ही तिकडे कणकेचे गरम तळलेले बौरसाक खात बसायची. रक्त बघवत नव्हतं ना बाईसाहेबांना!"

"आणि जाम," कुंपणापलीकडून आवाज आला. सेरिकबाय तिथे वाऱ्याच्या उलट्या बाजूला उभा होता. कझाख म्हातारा, डुकराचा वास नको म्हणून लांब, पण गप्पा चुकवायच्या नाहीत म्हणून जवळ. "माझी आई हिला जामही द्यायची. मला नाही मिळायचा."

सगळे हसले. अमालिया हसली नाही. सदुसष्ट वर्षांची ती बाई कढईत लाकडी पळी धरून उभी होती, आणि पळी हलत नव्हती.

"क्लारे," ती म्हणाली, "यंत्र घेऊन ये."

"अजून आतडी धुवायची आहेत, आई. यंत्र दुपारी लागेल."

"आण म्हटलं ना."

सॉसेज भरायचं यंत्र मागच्या कोठीत, लाकडी पेटीत असायचं. एक्केचाळीस साली व्होल्गावरच्या सगळ्या जर्मनांना इकडे कझाखांच्या मुलखात हाकलायचा हुकूम निघाला, आणि बांधाबांधीला एक दिवस दिला. अमालियाच्या आईनं घड्याळ टाकलं, पिसांच्या गाद्या टाकल्या, आणि हे बिडाचं धूड मालगाडीत चढवलं. लोक हसले होते. त्या हिवाळ्यात हसायला ते लोक उरले नाहीत. यंत्राची पेटी वर्षातून एकदा उघडायची, आणि ती फक्त क्लारा उघडायची. बाकीच्यांच्या हातून स्क्रू हरवतात.

तिनं झाकण काढलं. यंत्रावरच्या तेलकट फडक्यावर चौघडी केलेला कागद होता.

आधी तिला वाटलं, गंज लागू नये म्हणून घातलाय. मग शिक्का दिसला. कारागंदा शहराच्या सरकारी दप्तरातली प्रत होती. युद्धानंतर हद्दपार माणसांना दर महिन्याला ज्या कमांडंटपुढे जाऊन हजेरीची सही करावी लागे, त्याच्या फायलीतलं पान. क्लारानं उभ्यानंच वाचलं.

रुपेल अमालिया, जर्मन. मुलं: विक्टर, जन्म १९४६, जर्मन.

तिच्या छातीत एकदम ऊब आली. विक्टरचं काम झालं होतं! हवा होता तो पुरावा हाच. ज्या वहीनं माणसांना गुरांसारखं मोजलं, तीच वही आता दाखला द्यायला उभी होती. ती हाक मारायला वळली, आणि वळता वळता तिनं खालची ओळ वाचली.

झुलाय, जन्म १९४८. पुढे 'चेचेन' हा शब्द, त्यावर आडवी रेघ. वर लिहिलेलं: क्लारा, जर्मन. शेरा: आई पेतिमात, हद्दपार विशेष वसाहतदार, मृत, फेब्रुवारी १९५१. मुलगी अ. रुपेल हिने घेतली. आणि नेमका त्या ओळीवर गोल निळा शिक्का.

क्लारा पेटीच्या कडेवर बसली. ओळ पुन्हा वाचली. तिला अर्थ कळत होता, पण तो आपल्याला लागू पडतो हे कळत नव्हतं.

दारात अमालिया उभी होती. एप्रनला हात पुसत होती, आणि पुसून झाले तरी पुसतच होती.

"ऑगस्टात आणला," ती म्हणाली. "दाताच्या डॉक्टरकडे म्हणून गेले होते ना, तेव्हा. विक्टरसाठी मागायला गेले. त्यावर तूही असशील, हे डोक्यात आलंच नाही. बसमध्ये उघडला आणि मग दिसलं."

"तीन महिने?"

"तीन महिने. बाहेर काढला तर तू मागे राहतेस, ठेवला तर तो मागे राहतो. मला ठरवता आलं नाही, क्लारे. दोन्ही माझीच आहेत. मग म्हटलं, पेटीत ठेवावा. पेटी तूच उघडतेस."

"कोण होती ती?"

अमालिया दाराच्या चौकटीला टेकली. "बराकीत आमच्या मध्ये एक गोणपाट टांगलेलं होतं. अलीकडे मी, कार्ल आणि विक्टर, पलीकडे पेतिमात आणि तू. त्यांना, चेचेन मुसलमानांना, डोंगरातून उचलून आणलं होतं, चव्वेचाळीस साली, आमच्यासारखंच. माझं दूध लवकर आटलं, तर विक्टरला बकरीचं दूध तिनं कुठून कुठून आणून दिलं. तुझा सख्खा बाप खाणीत गेला आणि वर आला नाही. मग तिला टायफस झाला. मरायच्या आधी म्हणाली, पोरीला अनाथाश्रमात जाऊ देऊ नकोस, आणि हिला डुकराचं घालू नकोस. एवढंच."

"आणि तू कमांडंटकडे गेलीस."

"गेले. म्हटलं, ही माझी, लिही. तो म्हणाला, चेचेन पोरगी चेचेनच राहणार, आश्रमाची गाडी सोमवारी येते. मी म्हटलं, मग जर्मन लिही. तो हसला. म्हणाला, वेडी आहेस का? या देशात जर्मन लिहिलं की आयुष्यभर लोक थुंकतील हिच्यावर. मी म्हटलं, थुंकू देत. ही माझ्या शेजारी उभी असेल, अर्धी थुंकी माझ्यावर पडेल."

क्लाराचा हात आपोआप भुवईवरच्या खुणेवर गेला.

"म्हणून सेरिकबायच्या घरी," ती हळू म्हणाली.

"म्हणून. त्याच्या आईला सांगितलं होतं मी. ती म्हणाली, त्या दिवशी पोर माझ्याकडे दे, आमच्या घरचं जेवेल. सहा वर्षं पाळलं मी ते."

"आणि मग?"

 बाहेर रॉबर्ट कशाला तरी मोठ्यानं हसला.

"सत्तावन्न साली त्यांचे लोक घरी परतायला लागले. एक म्हातारा आला होता गावात. उंच टोपी, हातात काठी. घरोघर विचारत होता, पेतिमातची पोरगी कुठे आहे म्हणून. तू आत झोपली होतीस, गोवर आला होता." तिनं एप्रनचं टोक मुठीत धरलं. "मी म्हटलं, आजोबा, इथे चेचेन पोर नाही. त्यानं माझ्याकडे बघितलं. आभार मानून गेला तो. आणि त्या नोव्हेंबरात मी तुला पहिल्यांदा डुकराचं वाढलं. तू पुन्हा मागितलंस."

क्लाराला ओरडायचं होतं. कुणावर? राणीवर, कमांडंटवर, हॅम हुंगणाऱ्या कारकूनबाईवर, की समोरच्या या म्हातारीवर, जिनं तिला एकदा वाचवलं आणि एकदा चोरलं? एकाच माणसानं ही दोन्ही कामं केली तर त्याच्यावर रागवावं तरी कसं! तिच्या तोंडून निघालं ते वेगळंच.

"यंत्राचा एक स्क्रू ढिला आहे. उचलायला ये."

दोघींनी मिळून यंत्र बाहेर आणलं आणि टेबलावर ठेवलं. क्लारानं कागद उलगडून विक्टरपुढे, मांसाच्या बाजूला, कोरड्या जागेवर ठेवला.

"वाच. मोठ्यानं वाच."

विक्टरनं वाचायला सुरुवात केली. स्वतःच्या नावाशी त्याचा आवाज चढला. गाल्यानं सुरी टाकली आणि दोन्ही हात तोंडावर घेतले. मग तो खालच्या ओळीवर आला आणि आवाज संपला. उरलेलं क्लारानं पाठ म्हणावं तसं म्हटलं. चौथीतल्या पोरांना म्हणून दाखवते तसं, एकेक शब्द सुटा.

पहिल्यांदा बोलला रॉबर्ट. "कात्री आणा! खालचं कापून टाकू. वरच्या ओळीवर विक्टरचं भागतंय."

"शिक्का खाली आहे," विक्टर म्हणाला. "शिक्क्याशिवाय हा नुसता कागद."

"मग नका पाठवू. चौघांची फाईल एक आहे. हे वाचलं तर क्लाराचा होकार ते परत घेतील. विक्टरचं काय, तो..." रॉबर्ट अडखळला. तासाभरापूर्वी विक्टरला मागे ठेवून जायला त्याला दोन वाक्यं पुरली होती. आता बहिणीसाठी त्यालाच पुन्हा मागे ठेवायलाही तेवढीच पुरली, हे त्याच्याच लक्षात आलं असावं. त्यानं टोपी काढली आणि उगाच झटकली.

 गाल्याच्या चेहऱ्यावर सगळं लिहिलं होतं: कागद पाठवावा, माझा नवरा जावा, माझी पोरं जावीत. आणि हे वाटतंय याची लाजही तिथेच लिहिलेली. पण बोलली ती एवढंच, "क्लारा, बस जरा. सकाळपासून राबतेयस."

विक्टरनं कागदाची पुन्हा चौघडी केली आणि तो चुलीकडे चालायला लागला.

"काय करतोयस?"

"बाबांनी माझा दाखला जाळला, मला खाणीवर साहेब केलं. आता हा मी जाळतो. रशियन म्हणून तीस वर्षं जगलो, अजून वीस जगेन. तू मला तंगडीला विकलेला म्हणालीस, बरोबर होतं ते. पण तुला नाही विकणार मी."

क्लारानं झडप घालून त्याचं मनगट धरलं. आतड्यांच्या खारट पाण्यानं ओला हात, निसटेल म्हणून नखं रुतवून धरलेला.

"जाळशील तर बघ! तिचं नाव जगात एवढ्या एकाच कागदावर आहे. तिची कबर कुठे आहे तेही मला माहीत नाही. आत भिंतीवर मी सात पिढ्यांचे विणकर लटकवलेत, आणि मला जिनं जन्म दिला ती एका शेऱ्यात आहे, शिक्क्याखाली. जाळतोस?"

विक्टरचा हात सैल पडला.

"मघाशी रक्ताचं जे बोलले, ते घाण बोलले मी," क्लारा म्हणाली. "तुझा दाखला बाबांनी भीतीनं बदलला, माझा आईनं हट्टानं. दोघांचेही रकाने खोटे, आणि आपण एकाच ताटात जेवलो हे तेवढं खरं. पण ते विचारायला त्यांच्या अर्जात जागा नाही. कागद जाणार. आख्खा जाणार. तुझ्यासाठी जाणार, आणि तिच्यासाठीही. कुणीतरी एकदा तिचं नाव वाचू दे."

"आणि तुला नाही म्हणाले तर?" गाल्यानं विचारलं. खरोखरच विचारलं.

"तर मी इथे. शाळा आहे. डुक्कर पाळायला कुणीतरी हवंच."

"पेन द्या," अमालिया म्हणाली.

कुणाला ऐकू गेलं नाही असं वाटून ती पुन्हा म्हणाली, जोरात, "पेन द्या रे मला!"

रॉबर्टनं खिशातून काढून दिलं. अमालियानं कागद टेबलावर पालथा घातला. मागची बाजू कोरी होती. तिनं मुलांपुढे कधीच न वापरलेली ती जुनी, काट्याकाट्यांची जर्मन अक्षरं काढायला सुरुवात केली. व्होल्गावरच्या शाळेत शिकलेली, एक्केचाळीसनंतर एकदाही न लिहिलेली. प्रत्येक अक्षरापाशी थांबत होती. त्या म्हाताऱ्याबद्दल तिनं लिहिलं. काठीबद्दल, गोवराबद्दल, आपण काय म्हटलं त्याबद्दल. काहीही गाळलं नाही. शेवटी क्लारानं खांद्यावरून वाचलं:

ही माझी मुलगी आहे. मी एकदा लिहवून घेतलं होतं, आता स्वतः लिहिते. हिला नको म्हणणार असाल तर मलाही नको म्हणा.

खाली सही, आणि सहीशेजारी, कागद सरकू नये म्हणून दाबून धरलेल्या अंगठ्याचा चरबीचा ठसा. गाल्यानं तो पुसायला फडकं उचललं.

"राहू दे," विक्टर म्हणाला. "तोही शिक्काच आहे."

त्यानं कागद घेतला, आपल्या पासपोर्टात घातला, आणि मग सुरी उचलून धाकट्याला बाजूला सारलं. "सर. तू मांडी वाया घालवलीस सगळी. हाड असं सोडवतात होय?"

कढईतलं पहिलं उकडलेलं मांस फळीवर आलं. आंबवलेल्या कोबीचं मडकं उघडलं. अमालियानं नेहमीसारखं सगळ्यांना वाढायला घेतलं. क्लाराच्या थाळीपाशी तिचा हात थांबला. पळी हवेतच राहिली. विचारायची तिची हिंमत होत नव्हती.

क्लारानं थाळी हळूच मागे घेतली.

"आज नको, आई. संध्याकाळी बघू."

तिनं राखेनं हात घासले, कोपरापर्यंत, दोनदा. बर्फानं पुन्हा घासले. एप्रन काढून खिळ्याला अडकवला. मग अंगण ओलांडून, लहानपणी जिथून जायची त्या मोडक्या फळीपाशी आली. फळी अजून तशीच होती. आता मात्र तिला वाकून जावं लागलं.

सेरिकबाय तिथेच उभा होता. आज सकाळपासून तो घरात गेलाच नव्हता. त्यानं तिच्या लाल झालेल्या हातांकडे बघितलं, मग तिच्या तोंडाकडे.

"बौरसाक आहेत?" क्लारानं विचारलं.

"आहेत," तो म्हणाला आणि दार उघडून बाजूला झाला. "जामही काढून ठेवलाय. पस्तीस वर्षं दर वर्षी काढून ठेवतो. उशीर केलास, पोरी."